पडायची रीत

यंदाची वेचणी सुरू झाली आणि अकोटच्या रस्त्यावरच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या दिसायला लागल्या. मी माहेरची अमरावतीची. लग्न होऊन पहिल्यांदा इकडे आले तेव्हा मला क्षणभर वाटलं होतं की इकडे बाभळीलाही कापूस येतो की काय. भरलेल्या बैलबंड्या सरकी वेगळी काढणाऱ्या जिनाकडे जाताना काटेरी फांद्या त्यांच्यातला कापूस ओढून घेतात आणि ते झुबके शिमग्यापर्यंत धुळीत मळत लटकत राहतात, हे मला नंतर कळलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक वाटतं. मला या दिवसांत त्या रस्त्याने जायला नको वाटतं.

घरात तर सुटकाच नसते. माजघरातलं सामान परसाकडच्या खोलीत जातं आणि माजघरात आढ्यापर्यंत कापूस भरतो. त्याच्यात हात घातला की आतून तो कोमट लागतो, एखाद्या निजलेल्या जनावराच्या अंगासारखा. तंतू उडतात, ते पिठात जातात, वरणात जातात, झोपेत नाकात जातात. सगळं घर कोरडं खोकत असतं. जिनाचा भोंगा झाला की आळीतली लेकरं जागी होतात. अकरा वर्षांपूर्वीच्या वेचणीतही हे सगळं असंच होतं. आपला वऱ्हाड मुंबईच्या राज्यात जाऊन तेव्हा वर्षच झालं असेल आणि पारावर सगळे त्याच्यावर बोलत असायचे. आमच्या घरात मात्र त्या हंगामात एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे पडायचं.

आमचे हे मोठ्या लढाईत फटफटीवरून डाक पोचवायच्या कामावर होते. लढाई संपली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक मिलिटरीच्या लिलावातली फटफटी, आणि दुसरी पडायची विद्या. अकोटला जिनात त्यांना फिटरचं काम मिळालं. दुपारच्या सुट्टीत माणसं त्यांच्याभोवती जमायची, लढाईच्या गोष्टी सांगा म्हणायची. हे लढाईचं काहीच सांगत नसत. म्हणत, पडून दाखवतो. आणि कापसाच्या गंजीवर चढून एखादं पोतं टाकावं तसं स्वतःला खाली सोडून देत. मग एकेकाला शिकवत. हळूहळू जिनातली निम्मी माणसं कापसावर पडायला शिकली. त्यांच्यातल्या एकाकडेही फटफटी नव्हती आणि कधी येण्याची शक्यताही नव्हती.

त्यांचं शिकवणं मला आजही तोंडपाठ आहे. आधी हँडल सोडायचं. हात पुढे टाकायचे नाहीत, माणूस पडताना हात पुढे टाकतोच आणि तिथेच मनगट नाहीतर गळ्याजवळची हासळी मोडते. हात छातीशी घ्यायचे, हनुवटी गळ्याशी लावायची, अंग गोल करायचं आणि खांद्यावरून लोळायचं. लोळणं थांबलं असं वाटलं तरी उठायचं नाही, दहा अंक मोजायचे, कारण थांबलो असं वाटतं तेव्हाही माणूस घसरतच असतो. आणि गाडीच्या मागे जायचं नाही. हे शेवटचं माणसांना पटत नसे. एवढी मोलाची वस्तू डोळ्यांदेखत घसरत चालली आणि तिला धरायचं नाही, हे कापूसवाल्या माणसाला कसं पटावं? तेव्हा हे म्हणायचे, "गाडी पडली तं पडू दे ना. तू तिच्यासंगं काहून जातं? तुहं काय लगन लागलं तिच्याशी?"

मलाही त्यांनी शिकवलं होतं. जिनात बायकांनी पडून दाखवायची सोय नव्हती, म्हणून घरच्या माजघरात, दार लावून. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मी कोनाड्यावर पाय देऊन वर चढायची आणि ते "सोड" म्हणाले की हात सोडून गंजीवर पडायची. फटफटीवर मागे बसताना त्यांचा कोट कमरेशी धरायचा आणि "सोड" ऐकलं की सोडून द्यायचं, हा आमचा ठराव होता. दहापर्यंत मोजायचं ते दोघांनी मिळून मोजायचं. कधी कधी आम्ही विसापर्यंत मोजलं. केसांतली सरकी मग मी दुसऱ्या दिवशीपर्यंत वेचत बसायची. माझ्या संसारात लाडाचे दिवस म्हणावे तर तेवढेच. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं कळायला ते लागेल.

त्या वर्षी वैशाखात माझ्या दिराचं, शेषरावांचं, लग्न झालं आणि हिवरखेडची गिरजा माझी धाकटी जाऊ होऊन घरात आली. सावळी, उंच, कमी बोलणारी. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, बायका ओळीने कापसाच्या तासांत शिरल्या आणि तासाभरात गिरजा सगळ्यांच्या पुढे निघून गेली. दोन्ही हातांनी वेचायची ती. बोंडाला बोट लागलं न लागलं तोच कापूस ओटीत. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी आमची बोटं सोलवटून निघत, तिच्या हाताला ओरखडा नसायचा. बायका तिच्या हातांकडे बघत राहायच्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, अमरावतीची, मला वेचता येत नव्हतं ते नव्हतंच. मला तिचा राग यायचं काही कारण नव्हतं. पण ती चांगली आहे असं जो तो मला येऊन सांगे, आणि त्याचाही माणसाला कंटाळा येतो.

आमच्याकडे भासरा आणि भावसून एकमेकांशी बोलत नाहीत. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पदर पुढे ओढून उभं राहायचं, त्याच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही, मग अंगाला हात लागणं तर लांबच. काही सांगायचंच असलं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. त्या घरात ते तिसरं माणूस मी होते. "तिले सांग, गाईले पानी पाजलं का," असं हे मला म्हणायचे. गिरजा चार हातांवर उभी असायची. तरी मी तिला विचारायचं, तिने मला सांगायचं आणि मी ह्यांना. पहिले दोन महिने आम्ही दोघी जावा यावर पोट धरून हसलो. मग सवय झाली, आणि मधल्या माणसाला आपलं वजन कळायला लागलं. जे मी पोचवीन तेच त्या दोघांना एकमेकांचं कळणार होतं.

मार्गशीर्षात शेषरावांना मुदतीचा ताप आला. अकोल्याला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. शेतात कापूस फुटलेला, घरात कुणीतरी हवंच. म्हणून मी घर सांभाळायचं आणि गिरजाने आठवड्यातून दोनदा अकोल्याला जाऊन यायचं असं ठरलं. वेचणीत एस.टी.ला मजुरांची एवढी झुंबड असते की बाईमाणसाला पायरीवर उभं राहायलाही जागा मिळत नाही. ह्यांना जिनाचे पट्टे आणि सुटे भाग आणायला अकोल्याला जावंच लागे. तेव्हा गिरजाने फटफटीवर मागे बसून जावं हे उघडच होतं. कुणी नावं ठेवली नसती. आजारी माणसाची गोष्ट होती.

आदल्या संध्याकाळी गिरजा शेतातून यायची होती. हे अंगणात फटफटी पुसत होते. एरवी निरोप तिच्या कानावर पडेल असाच सांगायचे, पण ही कोटाला धरण्याची गोष्ट, ती भावसुनेच्या कानावर पडेल अशी बोलायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून ती यायच्या आत त्यांनी मला जवळ बोलावलं. "तिले कापसावर दोन-चार खेपा पाड," ते म्हणाले. "माह्या कोटाले धराले सांग, लोखंडाले नाही. मी 'सोड' म्हनलं का सोडून द्याचं. एवढं केलं तं बाकीचं नाही केलं तरी चालते."

मी हो म्हटलं.

गिरजा आली, तिने हातपाय धुतले, आम्ही भाकरी थापल्या. माजघराचं दार समोरच होतं. तिला आत न्यायचं, कोनाड्यावर चढवायचं, "सोड" म्हणायचं आणि दहा मोजायचे, एवढंच काम होतं. मला ते होईना. ती त्या कापसावर पडेल, तिच्या केसांत सरकी अडकेल, ह्यांचा शब्द तिच्याही कानात बसेल, आणि मग उद्या ती त्यांचा कोट कमरेशी धरून अकोल्यापर्यंत जाईल. माझ्याजवळ माझं असं तेवढंच होतं आणि तेही मी वाटायचं? मी तिला म्हटलं, "मागं कॅरिअरचं लोखंड हाये, ते घट धरून बस. त्याइच्या अंगाले हात लागू देऊ नोको. जीव गेला तरी लोखंड सोडू नोको." ती म्हणाली, "बरं, जाऊबाई." सकाळी ह्यांनी विचारलं, शिकवलं का? मी म्हटलं, शिकवलं.

तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते खरं आहे की नुसतं पाठ झालेलं आहे, ते मलाच समजत नाही. रीत माझ्या बाजूने होती. आळीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं, की भासऱ्याला धरू नये, लोखंडाला धरावं. गिरजाने स्वतःहूनही तेच केलं असतं. पण स्वतःहून केलं असतं तर कधीतरी सोडलंही असतं.

तीन खेपा नीट झाल्या. शेषरावांचा ताप उतरणीला लागला. गिरजा यायची ती अंगभर धूळ घेऊन, आणि आल्या आल्या उजव्या हाताची बोटं दाबत बसायची. लोखंड फार लागते, जाऊबाई, म्हणाली एकदा. मी तिला खोबरेल तेल दिलं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. झाडावर फुटलेला कापूस भिजून काळवंडला, बायका शेतात जाऊन नुसत्या बघून परत आल्या. आमची काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि ओली झाली की चाकाला, पायाला, नांगराला सोडत नाही. शेतातून बंड्या डांबरी रस्त्यावर चढल्या की चाकांना लागलेले मातीचे लोंदे रस्त्यावर गळून पडतात, आणि त्यांच्यावरून दुसऱ्या बंड्या गेल्या की त्यांचा पातळ थर होतो. वरून तो डांबरासारखाच काळा दिसतो. दुपारी परत येताना हे त्याच्यावर गेले.

बाकीचं आम्हाला मागून येणाऱ्या बंडीवाल्याने सांगितलं. गाडी सावकाशच होती म्हणाला. मागचं चाक बाजूला गेलं, गाडी डाव्या अंगावर आडवी व्हायला लागली, तसा गाडी चालवणारा माणूस ओरडला, "सोड." बंडीवाल्याने ते स्पष्ट ऐकलं. ह्यांनी हँडल सोडलं, हात छातीशी घेतले आणि लोळत रस्त्याच्या कडेला गेले. कोपर खरचटण्यापलीकडे त्यांना काही झालं नाही. गिरजा गाडीबरोबर घसरत गेली. गाडी रस्त्याखालच्या मोरीच्या दगडाला लागून थांबली तेव्हा तिचा डावा पाय गाडीखाली होता आणि उजवा हात लोखंड आणि दगड यांच्यामध्ये. बंडीवाला धावत गेला. ती शुद्धीवर होती. "बाईनं लोखंड धरूनच ठेवलं होतं," तो म्हणाला. "एकेक बोट सोडवा लागलं."

ह्यांनी भावसुनेशी उभ्या आयुष्यात एकच शब्द उच्चारला, तो हा "सोड". भासरा आपल्याशी बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तो शब्द आपल्यासाठी आहे हे तिला कुठून कळावं? तिला सांगणारी मी होते.

एस.टी. येईपर्यंत तिला बंडीतल्या कापसावर निजवलं होतं. गिरजा कापसावर पडली ती अशी. तो रक्ताने भिजलेला कापूस त्या माणसाने पुढे काय केला कोण जाणे.

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचले. दवाखान्याच्या आवारात रोग्यांची माणसं तीन दगडांच्या चुलींवर भाकरी भाजत होती. पुरुषांच्या खोलीत शेषराव पेज पीत बसले होते, बायकांच्या खोलीत गिरजा. पाय लाकडी फळीला बांधलेला, हात मोठ्या बोचक्याएवढा गुंडाळलेला. हे बाहेर व्हरांड्यात खिडकीजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. रात्रभर तिथेच होते म्हणे. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडेच बघत म्हणाले, "विचार तिले. मी सांगतलेलं तुनं तिले सांगतलं होतं का?"

तीच रीत. माझा गुन्हा मला तिला विचारायचा होता आणि तिचं उत्तर मलाच त्यांना सांगायचं होतं. मी आत गेले. खिडकी उघडी होती, प्रत्येक शब्द बाहेर ऐकू जाणार होता. मी विचारलं, "गिरजे, हे विचारून राहिले, मी तुले सोडाचं सांगतलं होतं का?" सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते आपल्याला सांगितलं गेलं नाही, हे तिला माझ्या प्रश्नातूनच कळलं. ते कळताना मी तिच्या तोंडावर पाहिलं. मग ती म्हणाली, "सांगा त्याइले, जाऊबाईनं सारं सांगतलं होतं. मीच इसरली."

आणि मी बाहेर जाऊन तसं सांगितलं.

त्यानंतर ह्यांनी कुणाला पडायला शिकवलं नाही. जिनातली माणसं सुट्टीत जमायची, पण हे आपला डबा घेऊन यंत्राच्या मागे जाऊन बसायचे. आपण शिकवलेलं खऱ्या वेळी कामाला येत नाही, कापसावर शिकलेलं कापसावरच राहतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकदा मला म्हणाले, मी सोडलं म्हणून मी वाचलो, तिला घेऊन नाही वाचलो. फटफटी त्यांनी मागच्या छपरीत ठेवली आणि तिच्यावर तट्टे टाकले. एका माणसाचा हात गेला आणि दुसऱ्याची विद्या गेली, आणि दोन्हीचं मूळ मला ठाऊक होतं. मी खात होते, पीत होते, सणवार करत होते. असं जगता येतं, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

गिरजाचा पाय गुडघ्यात वाकडा बसला. हाताची बोटं जुळली, पण अर्धी मिटलेलीच राहिली. ना पुरी उघडत ना पुरी मिटत. अजून लोखंड धरल्यासारखी. वेचणीला ती परत कधी गेली नाही. या दिवसांत ती माजघरात कापसापुढे बसते आणि डाव्या हाताने पिवळा पडलेला, किडका कापूस, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, तो बाजूला काढते. अकरा वर्षांत तिने मला त्या संध्याकाळबद्दल एक शब्द विचारलेला नाही. भांडणातही नाही. आणि आम्ही भांडतो, जावा आहोत. कधी कधी मला वाटतं तिने एकदा तोंडावर थुंकावं, म्हणजे सुटेन. ती तेवढं करत नाही. तिच्या चांगुलपणाचा मला पूर्वी कंटाळा यायचा, आता भीती वाटते.

परवा दुपारी मी सूप घेऊन माजघरात गेले. गिरजाची शकू, नऊ वर्षांची, कोनाड्यावर चढून कापसात उड्या मारत होती, दोन्ही हात पुढे टाकून. गिरजा मान वर न करता म्हणाली, "हात पुढं नोको टाकू, शके. छातीशी घे. हनुवटी खाली." हे तिला शेषरावांनीच कधीतरी सांगितलं असणार, तेही जिनात शिकले होते. पण शकूने विचारलं, "तुले कोनं शिकवलं वं?" तर ती म्हणाली, "तुह्या मोठीआईनं."

शकू कापसातून माझ्याकडे वळली. "मंग पुढचं सांग ना, मोठीआई. आनखी काय करा लागते?"

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. बाहेर ओट्यावर हे विळ्याला धार लावत बसले होते, कानशीचा आवाज येत होता. गिरजाकडे बघून बोलायची माझी छाती झाली नाही. या घरात जे थेट बोलता येत नाही ते मधल्या माणसाकडून बोलतात. मी शकूलाच म्हटलं, "पयले सोडाचं, बाई. हातात जे असन ते सोडून द्याचं. हे मी तुह्या आईले सांगतलं नव्हतं. मी तिले धरून ठेव म्हनलं होतं. सांग तिले."

शकूला यातलं काय कळणार? ती आईकडे बघायला लागली. गिरजाचा डावा हात कापसात थांबला. उजवा मांडीवर होता, तसाच, अर्धा मिटलेला. ती हळू आवाजात म्हणाली, "शके, मोठीआईले सांग, मोठेबाबा बाहीर बसून हायेत. एवढ्या मोठ्यानं नोको बोलू म्हना."

बाहेर कानस चालली होती ती थांबली. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग विसापर्यंत मोजलं. ती पुन्हा सुरू झाली नाही.